‘नाही’ आणि ‘ठाऊक नाही’ : प्रॉलॉगच्या बोली आणि एका मानकाची हकिकत

दातिवऱ्याच्या आमच्या घरात ओटीवर काचेच्या चौकटीत एक वंशावळ लावलेली होती. १९९१ साली मी ती संगणकावर तयार केली होती. तेव्हा मी बोईसरच्या एका कारखान्यात भांडार विभागात कामाला होतो. पाळी संपली की वरिष्ठांच्या परवानगीने तिथल्या संगणकावर तासभर बसायला मिळे. एका मित्राने फ्लॉपीवर प्रॉलॉग नावाच्या भाषेची एक फुकट प्रणाली आणून दिली आणि तिच्याबरोबर एका इंग्रजी पुस्तकाच्या झेरॉक्स प्रती. पहिल्याच प्रकरणात नात्यागोत्यांची उदाहरणे होती. मला ते फार आवडले. आमच्या कुळातली जेवढी माणसे माहीत होती तेवढी मी त्यात घातली, वारस कोण हे शोधण्याचे नियम लिहिले आणि निघालेली यादी डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर छापून घरी आणली.

गणपतीत आत्या माहेरी आली होती. तिने चष्मा लावून ती यादी वरपासून खालपर्यंत वाचली आणि विचारले, “काय रे, आम्ही मुली कुठे गेलो यात?” मी हसून म्हणालो, “मशीनला सापडलं नाही, आत्या.” बघतो, असेही म्हणालो आणि विसरून गेलो. आमच्याकडच्या वंशावळींत मुलींची नावे नसण्याची डोळ्यांना इतकी सवय असते की यादीत काही चुकले आहे असे मलाही वाटले नाही.

पुढे २००३ साली घरी जुना संगणक घेतला. पालघरच्या एका सायबर कॅफेतून एसडब्ल्यूआय-प्रॉलॉग ही प्रणाली उतरवून आणली आणि बारा वर्षांपूर्वीची फ्लॉपी घातली. प्रोग्रॅम चढला. मी तोच जुना प्रश्न विचारला: आजोबांचे वारस कोण? काका आणि बाबा यांची नावे आली आणि त्यानंतर यादी पुढे सरकण्याऐवजी पडद्यावर चूक दाखवली गेली. त्या ओळीचा अर्थ असा होता की तुम्ही ज्या संबंधाबद्दल विचारता आहात तो या प्रोग्रॅममध्ये अस्तित्वातच नाही.

शोधल्यावर कारण लगेच सापडले. तेव्हा मी मराठी शब्द रोमन लिपीत लिहीत असे. माहिती भरताना ‘मुलगी’ हा शब्द मी पाच रोमन अक्षरांत लिहिला होता आणि नियम लिहिताना ‘ल’नंतरचा ‘अ’ही लिहून सहा अक्षरांत. आपल्याला दोन्ही ‘मुलगी’च, यंत्राला दोन वेगळे शब्द. नियमातल्या सहाअक्षरी मुलीविषयी एकही नोंद नव्हती. जुन्या प्रणालीने त्यावर निमूटपणे ‘नाही’ असे उत्तर धरले आणि आमच्या कुळातली प्रत्येक मुलगी वारसांतून वगळली. चूक माझीच होती. पण तीच चूक एका प्रणालीने बारा वर्षे झाकून ठेवली आणि दुसरीने पहिल्याच फेरीत उघडी केली. असे का झाले, हे शोधताना मला जो इतिहास सापडला तो इथे मांडतो आहे. आत्या त्याच्या आदल्याच वर्षी गेली होती.

मार्सेयची भाषा, एडिंबरोचे वळण

प्रॉलॉग म्हणजे तर्काच्या आधारे प्रोग्रॅम लिहिण्याची भाषा. इतर भाषांत आपण यंत्राला काय करायचे ते पायरीपायरीने सांगतो. प्रॉलॉगमध्ये आधी माहीत असलेल्या गोष्टी लिहायच्या: ‘मुलगी(आत्या, आजोबा).’ म्हणजे आत्या ही आजोबांची मुलगी. मग नियम लिहायचे: एखादी व्यक्ती दुसऱ्याची मुलगी असेल तर ती त्याची वारस. त्यानंतर प्रश्न विचारायचा. उत्तर कोणत्या वाटेने शोधायचे ते यंत्र पाहून घेते.

ही भाषा १९७२ साली फ्रान्समधील मार्सेय शहरात जन्मली. आलँ कोल्मराउएर आणि फिलिप रूसेल यांना माणसाशी फ्रेंच भाषेत बोलू शकेल असा संगणक हवा होता. एडिंबरो विद्यापीठातील रॉबर्ट कोवाल्स्की तर्कशास्त्राकडून याच प्रश्नाकडे येत होते. या दोन बाजूंच्या भेटीतून प्रॉलॉग आकाराला आली. पुढे एडिंबरोतच डेव्हिड वॉरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७च्या सुमारास डीईसी-१० या यंत्रासाठी वेगवान प्रॉलॉग तयार केली. तर्काची भाषा वेगाच्या बाबतीत लिस्पसारख्या मुरलेल्या भाषेच्या पंक्तीला बसू शकते, हे तिने दाखवून दिले.

मात्र दोन गावांतली प्रॉलॉग एकसारखी नव्हती. गणितातल्या ‘क्ष’सारखे, ज्याची किंमत शोधायची असते असे जे नाव त्याला चल म्हणतात. मार्सेयच्या पहिल्या प्रॉलॉगमध्ये चलाच्या आधी तारांकन येई आणि नियमातली विधाने अधिक-उणे चिन्हांनी ओळखली जात. एडिंबरोने ठरवले की कॅपिटल रोमन अक्षराने सुरू होणारा शब्द म्हणजे चल आणि लहान अक्षराने सुरू होणारा शब्द म्हणजे ठरलेले नाव. १९८२च्या सुमारास मार्सेयची दुसरी प्रॉलॉग आली, तीत एकाच अक्षराचा शब्द चल ठरला. लंडनच्या मायक्रो-प्रॉलॉगमध्ये सगळेच कंसांत. १९८१ साली क्लॉक्सिन आणि मेलिश यांचे पाठ्यपुस्तक आले आणि एडिंबरोचे वळण घरोघरी पोचले. माझ्याकडच्या झेरॉक्स प्रती त्याच परंपरेतल्या एका पुस्तकाच्या होत्या. १९८६ साली बोरलँड कंपनीने टर्बो प्रॉलॉग बाजारात आणली. ती दिसायला एडिंबरोसारखी, पण तीत प्रत्येक संबंधाचा प्रकार आधी जाहीर करावा लागे. त्यामुळे इतरांचे प्रोग्रॅम तिच्यात जसेच्या तसे चालत नसत.

आमच्या किनाऱ्यावर वाडवळी, मांगेली, आगरी अशा बोली शेजारीशेजारी नांदतात. बाजारात, एसटीत, लग्नात माणसे एकमेकांना समजून घेतात. एखादा शब्द अडलाच तर हातवारे आहेत. यंत्राला अशी समजूत नसते. एका बोलीतला प्रोग्रॅम दुसऱ्या बोलीच्या यंत्रात गेला की एकतर पहिल्याच ओळीला अडतो, नाहीतर अडत नाही पण वेगळेच उत्तर देतो. अडलेला प्रोग्रॅम निदान दुरुस्त करता येतो. न अडता वेगळे उत्तर देणारा कसा धोक्याचा असतो, ते आमच्या ओटीवर बारा वर्षे टांगलेले होते.

जुहूपर्यंत आलेली लाट

१९८२ साली जपानने पाचव्या पिढीचा संगणक बनवण्याचा दहा वर्षांचा राष्ट्रीय प्रकल्प जाहीर केला आणि त्याचा पाया म्हणून तर्काधारित प्रोग्रॅमिंग निवडले. त्याबरोबर प्रॉलॉग प्रयोगशाळेतून वर्तमानपत्रांत आली. अमेरिका आणि युरोप यांनी आपापले प्रकल्प सुरू केले. भारतानेही मागे राहायचे नाही असे ठरवले. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने ‘ज्ञानाधारित संगणक प्रणाली’ हा कार्यक्रम हाती घेतला. त्याची कामे वेगवेगळ्या संस्थांना वाटून दिली होती आणि त्यांपैकी दोन संस्था मुंबईत होत्या: कुलाब्याची टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि जुहूचे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र, म्हणजे एनसीएसटी.

एनसीएसटी हे टाटा संस्थेतूनच वाढलेले रोपटे. १९८५ साली ते स्वतंत्र झाले आणि डॉ. एस. रामाणी त्याचे संचालक होते. तज्ज्ञाचे ज्ञान नियमांच्या रूपात साठवणाऱ्या प्रणाली बांधण्यासाठी ‘विद्वान’ नावाची चौकट या केंद्रात तयार झाली. डिसेंबर १९८९मध्ये मुंबईत या विषयावर आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि तिचे निबंध पुढच्या वर्षी जर्मनीच्या स्प्रिंगर प्रकाशनाने ग्रंथरूपात छापले. हे केंद्र पुढे सी-डॅकमध्ये विलीन झाले.

जगभर या क्षेत्राच्या दोनच मुख्य भाषा होत्या, लिस्प आणि प्रॉलॉग. कुलाबा-जुहूच्या त्या वातावरणाशी माझा संबंध कधी आला नाही. सफाळ्याहून गाडी पकडून मुंबईला जाणे म्हणजे आमचा एक दिवस. पण लाट आली की खाडीतसुद्धा पाणी चढते. त्या दिवसांत फ्लॉप्या हातोहात फिरत होत्या, संगणकाच्या मासिकांत प्रॉलॉगवर लेख येत होते, आणि त्यातलेच थोडे पाणी बोईसरच्या भांडारापर्यंत आले. मात्र जे आले ते कोणत्या बोलीचे, हे सांगणारे कोणी नव्हते. मला तर प्रॉलॉगला बोली असतात हेच ठाऊक नव्हते.

मानकाच्या मेजावर

बोलींचा हा गोंधळ भाषा बनवणाऱ्यांनाही दिसत होता. १९८४ साली ब्रिटिश मानक संस्थेने प्रॉलॉगच्या मानकावर काम सुरू केले. १९८७च्या सुमारास ते आंतरराष्ट्रीय मानक संघटनेच्या म्हणजे आयएसओच्या कार्यगटाकडे गेले. मसुद्यामागून मसुदे झाले. मार्सेयच्या मंडळींना आपले वळण प्रिय, एडिंबरोच्या मंडळींना आपले, आणि विक्रेत्यांना गिऱ्हाइकांचे जुने प्रोग्रॅम मोडू नयेत ही काळजी. अखेर १९९५ साली आयएसओ १३२११ या मानकाचा पहिला भाग प्रसिद्ध झाला. भाषेच्या जन्मानंतर तेवीस वर्षांनी, आणि जपानचा प्रकल्प आटोपल्यानंतर! तोवर प्रॉलॉगची लाट ओसरली होती.

मानकाने मुख्यतः एडिंबरोचे वळण स्वीकारले. पण नुसती चालत आलेली रूढी लिहून काढण्यावर ते थांबले नाही, काही जुन्या सवयी त्याने मोडल्या. त्यांतली एक आमच्या घराशी संबंधित आहे.

प्रॉलॉगमध्ये ‘नाही’ या उत्तराचा अर्थ नाजूक आहे. यंत्र दिलेल्या माहितीतून एखादी गोष्ट सिद्ध करू पाहते; सर्व वाटा संपल्या तरी सिद्ध झाली नाही तर ती ‘नाही’ असे धरते. कीथ क्लार्क यांनी १९७८ साली या पद्धतीची तर्कशास्त्रीय बैठक मांडली. रेल्वेच्या वेळापत्रकात दुपारी दोनच्या गाडीची नोंद नसेल तर दोनला गाडी नाही असे आपण समजतो, तसेच हे. पण त्यासाठी वेळापत्रक हातात असले पाहिजे. वेळापत्रकाचा फळाच भिंतीवर नसेल तर ‘दोनला गाडी नाही’ असे म्हणता येत नाही. ‘ठाऊक नाही’ एवढेच म्हणता येते.

एडिंबरो परंपरेतल्या बऱ्याच जुन्या प्रणाली या दोन्ही प्रसंगी एकच उत्तर देत: नाही. यादी आहे पण तीत नाव नाही, तरी नाही. आणि अशी यादीच कुठे नाही, तरी नाही. मानकाने या दोहोंची फारकत केली. ज्या संबंधाची प्रोग्रॅममध्ये कुठेच नोंद नाही त्याविषयी विचारणा झाली तर यंत्राने, दुसरे काही सांगितलेले नसेल तर, काम थांबवून ‘असे काही अस्तित्वात नाही’ ही चूक दाखवायची. एखादी यादी मुद्दाम रिकामी ठेवायची असेल तर ती आहे असे लेखकाने आधी जाहीर करायचे. मग ‘नाही’ हे उत्तर योग्य. चूक कशी दाखवायची, ती प्रोग्रॅममधून कशी पकडायची, तिचे प्रकार कोणते, हेही मानकाने ठरवून दिले. २००३ साली आमच्या घरी पडद्यावर आलेली ओळ ही या नियमाची देणगी होती.

हा नुसता काटेकोरपणा नव्हे. १९८६ साली कोवाल्स्की, सर्गॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटनचा नागरिकत्वाचा १९८१चा कायदा तर्काच्या नियमांत उतरवून दाखवला. अमुक व्यक्ती ब्रिटिश नागरिक आहे का, हा प्रश्न यंत्राला विचारता येऊ लागला. अशा ठिकाणी ‘सिद्ध झाले नाही’ म्हणजे ‘नाही’ असे मानले तर एखाद्याचे नागरिकत्व एका चुकलेल्या अक्षरावर अडू शकते. आपल्याकडे १९५६च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने मृत्युपत्र न करता वारलेल्या पुरुषाच्या वारसांत मुलीला मुलाच्या बरोबरीने पहिल्या वर्गात स्थान दिले. तो कायदा वाचूनच मी माझा नियम लिहिला होता. नियमात मुलगी होती, माहितीत मुलगी होती. मधल्या एका अक्षराने आणि यंत्राच्या एका सवयीने तिला बाहेर ठेवले. आणि माझ्या सवयीने ते मला दिसू दिले नाही.

मानकानंतरचे वेगळेपण

मानक आले म्हणून बोली संपल्या नाहीत. दुहेरी अवतरणचिन्हांत लिहिलेला मजकूर म्हणजे नेमके काय, यावर एकमत झाले नाही. मानकाने तीन अर्थ मान्य केले: अक्षरांच्या सांकेतिक क्रमांकांची यादी, अक्षरांची यादी किंवा एक अखंड नाव. न सांगता कोणता अर्थ धरायचा, हे त्या त्या प्रणालीवर सोडले. मोठा प्रोग्रॅम विभागांत वाटण्याच्या पद्धतीवर २००० साली मानकाचा दुसरा भाग आला, पण बहुतेकांनी आपली आधीची पद्धत सोडली नाही. यान विलेमाकर यांची एसडब्ल्यूआय-प्रॉलॉग सातव्या आवृत्तीपासून काही बाबतींत मानकापासून जाणूनबुजून दूर गेली. दुहेरी अवतरणचिन्हांतल्या मजकुराला तिने स्वतंत्र चौथा अर्थ दिला आणि याद्यांची अंतर्गत रचना बदलली. आजच्या कामांना हे सोयीचे, असे तिच्या बाजूचे म्हणणे. जुने प्रोग्रॅम यामुळे मोडतात, असे विरोधकांचे. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. याउलट स्क्रायर-प्रॉलॉगसारख्या नव्या प्रणाली मानकाला चिकटून राहण्याचा आग्रह धरतात. व्हिएन्ना तंत्र विद्यापीठाचे उलरिश नॉयमेर्केल यांनी भाषेच्या लेखनाविषयीच्या शेकडो बारीक चाचण्यांचा तक्ता तयार केला, त्यात कोणती प्रणाली कुठे मानकाबरोबर आहे आणि कुठे नाही ते ओळीओळीने दिसते. आपल्या प्रणालीचा रकाना पाहून लेखक चुका दुरुस्त करतात. सक्ती कोणाचीच नाही, तरी त्या तक्त्याचा उपयोग होतो.

आणखी एक अडचण सांगायला हवी. आयएसओचे मानक फुकट मिळत नाही, स्विस फ्रँकमध्ये किंमत मोजून घ्यावे लागते. माझी मानकाशी ओळख झाली ती १९९६ साली निघालेल्या, डेरांसार आणि सहकाऱ्यांनी लिहिलेल्या विवरणग्रंथामधून. सर्वांनी पाळायचा नियम सर्वांना वाचायला मिळत नाही, हे मला पटलेले नाही.

आपल्या अक्षरांचे काय?

चूक कळल्यावर मी ठरवले की आता प्रोग्रॅम देवनागरीतच लिहायचा. ‘मुलगी’ देवनागरीत लिहिली की पाच अक्षरे की सहा हा प्रश्नच उरत नाही. पण पहिल्याच नियमाला अडलो. प्रॉलॉगमध्ये चल ओळखायचा तो कॅपिटल अक्षरावरून, आणि देवनागरीत कॅपिटल अक्षरे नाहीत.

मानकात याचे उत्तर नाही. त्याने अक्षरे म्हणून रोमन वर्णमालेतली मोठी आणि लहान अक्षरे नोंदवली. त्यापलीकडची अक्षरे घ्यायची की नाही आणि घेतली तर कोणत्या गटात टाकायची, हे प्रणालीवर सोपवले. एसडब्ल्यूआय देवनागरी अक्षराला लहान अक्षरासारखे वागवते, म्हणून ‘क्ष’ हे ठरलेले नाव होते, चल होत नाही. त्यावर उपाय म्हणजे आधी अधोरेषा देणे:

वारस(_क्ष, _य) :- मुलगी(_क्ष, _य).

हे चालते. पण प्रॉलॉग लिहिणाऱ्यांत अधोरेषेचा रूढ संकेत असा की हा चल बिनमहत्त्वाचा, याच्याकडे लक्ष देऊ नका. आमच्या लिपीत प्रत्येक चलाला तीच खूण लावूनच उभे राहावे लागते. आणि एक अक्षर म्हणजे एक बाइट असे धरणाऱ्या जुन्या प्रणालींत तर युनिकोडमधला एकटा ‘मु’ सहा तुकड्यांत फुटतो.

दुसरी अडचण याहून खोल आहे आणि तिचे मूळ प्रॉलॉगमध्ये नाही. ‘दातिवऱ्याचा’ हा शब्द घ्या. त्यातला ऱ्य, म्हणजे मराठीचा खास अर्धा र, युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. एका पद्धतीत त्यासाठी वेगळा ‘ऱ’ वापरतात. दुसरीत साधा ‘र’, हलन्त आणि त्यापुढे एक न दिसणारे जोडचिन्ह. पहिली पद्धत भारतीय मानक इस्कीशी जुळण्यासाठी ठेवली, दुसरी युनिकोडच्या एका जुन्या आवृत्तीशी जुळण्यासाठी. कागदावर दोन्ही सारखीच दिसतात. पण प्रॉलॉग नावांची तुलना सांकेतिक क्रमांकांवरून करते. अवतरणचिन्हांत लिहिलेली ही दोन ‘दातिवऱ्याचा’ तिच्या लेखी दोन निराळी नावे आहेत. रोमन लिपीतली चूक निदान डोळ्यांना दिसत होती, ही दिसतही नाही. आणि इथे मानकाचा तो नियमही कामी येत नाही: संबंधाच्या नावात गफलत असती तर यंत्राने चूक दाखवली असती, पण यादीतल्या गावाच्या नावात असेल तर यादी अस्तित्वात आहे, फक्त नाव जुळत नाही. उत्तर येते, ‘नाही’.

मतदारयाद्या, शिधापत्रिका, वारसनोंदी, शाळेचे दाखले आता संगणकावर आले आहेत आणि त्यांतली गावे, आडनावे मराठी आहेत. त्यांच्यामागे प्रॉलॉग असो वा दुसरी कोणती भाषा, शोध घेणारे यंत्र नावे जुळवूनच उत्तर देते. म्हणून माझ्यासारख्या हौशी माणसाने एवढे करावे: घरची माहिती भरण्याआधी सगळा मजकूर एकाच लेखनपद्धतीत आणून घ्यावा, प्रोग्रॅम किमान दोन वेगळ्या प्रणालींत चालवून पाहावा, आणि उत्तर ‘नाही’ आले तर कोणत्या यादीत शोधले तेही छापायला सांगावे. मी आता तसे करतो. यांतले दुसरे काम मी १९९१ साली केले असते तर आत्याला उत्तर देता आले असते.

ओटीवरची जुनी चौकट मी उतरवलेली नाही. तिच्या शेजारी नवी लावली आहे. नव्या यादीत आजोबांच्या नावाखाली चार वारस आहेत आणि वयाच्या क्रमाने पहिले नाव आत्याचे आहे.